शून्य कोठे चुकते?

भिलाई येथील पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारण्यात आला. त्यासंबंधीचा करार १९५५ साली झाला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होते. २००० सालापासून ते छत्तीसगड राज्यात आहे. आगगाडीचे रूळ तयार करणारा कारखाना म्हणून त्याचे नाव सर्वांस परिचित आहे.

अशा कारखान्यात भट्टीतील पोलादाच्या रसाचे तापमान सुमारे १,६०० अंश सेल्सिअस असते. ते कमी पडल्यास रस ओतण्याच्या तोटीतच गोठू लागतो. अधिक झाल्यास साच्यात नुकतेच घट्ट झालेले कवच फुटून रस बाहेर येण्याची भीती असते. म्हणून ओतण्यापूर्वी तापमान नेमके कळणे अवश्य असते.

इतक्या तप्त रसात काचेचा तापमापक चालत नाही. तेथे तपयुग्म, म्हणजेच थर्मोकपल, वापरतात. दोन भिन्न धातूंच्या तारा टोकांशी जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, म्हणजे विद्युत् दाब उत्पन्न होतो. हा परिणाम सीबेक यांनी १८२१ मध्ये शोधून काढला. एक तार शुद्ध प्लॅटिनमची व दुसरी दहा टक्के ऱ्होडियम मिसळलेल्या प्लॅटिनमची असेल, तर १,६०० अंशांस मिळणारा दाब अवघा १६.७७७ मिलिव्होल्ट असतो. त्या सुमारास तापमान एका अंशाने वाढले, तर दाब केवळ १२ मायक्रोव्होल्टांनी वाढतो.

हा दाब मोजण्यास अंकीय बहुमापक, म्हणजेच डिजिटल मल्टिमीटर, उपयोगी पडतो. परंतु दाब नसतानाही तो ६० मायक्रोव्होल्ट दाखवीत असेल, तर तापमानात पाच अंशांची चूक होईल. आणि पडद्यावर आकडे स्वच्छ दिसत असल्याने ती कोणाच्या ध्यानातही येणार नाही. हीच शून्याची चूक होय.

पुष्कळ मापकांवर शून्य करण्याची कळ असते. ती दाबताच दिसणारी चूक पुढील प्रत्येक वाचनातून वजा होते. हा प्रकार तराजूस पासंग बांधण्यासारखाच आहे. दांडी समतोल दिसते, पण ती का झुकली होती हे कळत नाही. आणि पारड्यास लागलेला चिखल पुढे गळून पडला, की तोच पासंग खोटा ठरतो. म्हणून कळ दाबण्यापूर्वी चूक कोठे आहे ते शोधावे. हा शोध मापकापासून आरंभ करून बाहेरच्या दिशेने करावा.

पहिली पायरी : मापक चालू करून निर्मात्याने सांगितलेला वेळ जाऊ द्यावा, आतील भाग तापत असता शून्य सरकत राहते. मग मापकाची दोन्ही अग्रे तांब्याच्या स्वच्छ, उघड्या तारेने एकमेकांस जोडावीत. बोटांची ऊब निघून जाण्यास काही मिनिटे थांबावे. तरीही शून्य मर्यादेबाहेर असेल, तर दोष मापकातच आहे. अग्रे मोकळी असताना दिसणारे भटके आकडे मात्र दोष समजू नयेत.

दुसरी पायरी : आता जोडतारा लावून त्यांची दूरची टोके एकमेकांस जोडावीत. शून्य आता ढळले, तर दोष तारांत वा सांध्यांत आहे. तांब्यावर तांबे स्वच्छ दाबून बसले असेल, तर सांध्यांतील तापमानात एका अंशाचा फरक असूनही ०.३ मायक्रोव्होल्टांहून कमी दाब उत्पन्न होतो. पण तांबे काळवंडून त्यावर ऑक्साइडचा थर बसला असेल, तर तो सुमारे १,००० मायक्रोव्होल्टांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून टोके घासून स्वच्छ करावीत व दोन्ही सांधे पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, सारख्याच उबेत ठेवावेत.

तिसरी पायरी : मोजावयाच्या स्थिर दाबाशी तारा जोडून वाचन घ्यावे, नंतर त्याच टोकाशी तारा उलट जोडून पुन्हा घ्यावे. समजा, वाचने +५.०१२ व −४.९८८ मिलिव्होल्ट आली. त्यांच्या वजाबाकीचे निम्मे, म्हणजे ५.०००, हा खरा दाब. आणि बेरजेचे निम्मे, म्हणजे ०.०१२, ही शून्याची चूक. तारा उलटल्या तरी चूक आपले चिन्ह बदलत नाही, म्हणूनच ती पकडता येते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. तपयुग्माचे कोष्टक थंड सांधा शून्य अंशावर आहे असे मानून केलेले असते. उन्हाळ्यात तो सांधा ४० अंशांवर असेल व त्याची भरपाई केली नसेल, तर दाब ०.२३५ मिलिव्होल्टांनी कमी भरतो आणि पोलाद सुमारे वीस अंशांनी थंड भासते. वरील पहिल्या दोन्ही पायऱ्यांत मापक निर्दोष ठरेल, तरीही उत्तर चुकेल. शून्य बरोबर असणे म्हणजे मापन बरोबर असणे नव्हे.

प्रयोग : तांब्याच्या दोन तारांमध्ये लोखंडाची एक तार पिळून जोडा. एक सांधा बर्फात व दुसरा उकळत्या पाण्यात ठेवा. तांब्याची मोकळी टोके मापकास जोडल्यास सुमारे १ मिलिव्होल्ट दाब दिसेल. आता सांध्यांची अदलाबदल करा व चिन्ह पाहा.

प्रश्न : तारा उलटण्यापूर्वी +१६.८०१ व उलटल्यावर −१६.७५३ मिलिव्होल्ट असे वाचन आले. खरा दाब किती? शून्याची चूक किती? १,६०० अंशांच्या सुमारास त्या चुकीमुळे तापमान किती अंशांनी चुकेल?