चौकट कोठे सुरू होते?

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील दाणाबाजारात ट्रकमधून गोणी उतरताना तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. प्रत्येक गोणीवर मार्का असतो, म्हणून ती कोणाची ते कळते. आता कल्पना करा की मार्काच नाही. ३१ गाळेवाल्यांचा माल आळीपाळीने, ठरलेल्या क्रमाने उतरतो आहे. हमालाची मोजणी एका गोणीने चुकली, तर एकही गोणी न हरवता प्रत्येक गाळ्यात शेजाऱ्याचा माल जाऊन पडेल! उपाय सोपा आहे : दर फेरीच्या आरंभी खुणेची एक जादा गोणी पाठवावी.

दूरदूरची संगणकजाळी जोडणाऱ्या राउटर या यंत्रापुढे हाच प्रश्न असतो. तारेतून येतात ते नुसते ० आणि १. त्यांच्यावर मार्का नसतो.

भारतात दूरध्वनी केंद्रे जोडण्यासाठी ‘ई-१’ लाइन रूढ झाली आणि पुढे राउटरही तिच्यावर जोडले गेले. तिच्यात ८ बिटांची ३२ घरे मिळून एक चौकट होते. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे ठरले होते, म्हणून चौकटीही सेकंदाला ८,०००. गुणाकार करा : ८ × ३२ × ८,००० = २०,४८,००० बिट. अमेरिकेने २४ घरे व एक जादा बिट अशी १९३ बिटांची चौकट घेतली. तिचा वेग १५,४४,००० बिट. या दोन लाइनी सरळ जोडता येणार नाहीत, हे उघडच आहे. खरी फसगत होते ती याहून बारीक फरकाने.

ई-१ मध्ये पहिले घर खुणेचे. एकाआड एक चौकटीत त्याच्या शेवटच्या सात बिटांत ००११०११ ही खूण असते. पण हेच सात बिट मजकुरातही योगायोगाने येऊ शकतील ना? येतील, १२८ त एकदा. म्हणून राउटर घाई करीत नाही. खूण दिसल्यावर पुढच्या चौकटीत त्याच घराचा दुसरा बिट १ आहे का, आणि तिसऱ्या चौकटीत तीच खूण पुन्हा येते का, हे तो पाहतो. एवढे करूनही, तोच तोच मजकूर वाहत असेल तर चकवा बसू शकतो. यासाठी ‘सीआरसी-४’ ही जास्तीची तपासणी योजली. दर ८ चौकटींवर ठरावीक गणित करून आलेले ४ बिट, खुणेच्या घरातील मोकळ्या पहिल्या बिटाच्या जागी पाठवायचे. पलीकडचा राउटर तेच गणित करून ताळा पाहतो. युक्ती मोठी नामी आहे.

मात्र एका टोकाला ही तपासणी चालू आणि दुसऱ्या टोकाला बंद असली, तर? तार शाबूत, वेग बरोबर, ००११०११ ही सापडते. बंद टोकाला काहीच खटकत नाही. चालू टोक मात्र ताळ्याचे बिट शोधत राहते, ते मिळत नाहीत, आणि बहुधा लाइनच नादुरुस्त असल्याचा इशारा देते. बाजारातील एखाद्या बँकेची शाखा अशा लाइनवर अवलंबून असेल, तर शेतकऱ्याची पट्टी चुकती होणे अडते. आणि तंत्रज्ञ मात्र तारा बदलत बसतो! दोन्ही टोकांची मांडणी कागदावर शेजारी शेजारी लिहून ताडून पाहणे हा पाच मिनिटांचा उपाय.

आज बहुतेक जोडण्या काचतंतूवरील इथरनेटच्या असतात. इथरनेटच्या मूळ पद्धतीत चौकटीपूर्वी १०१०१०१० हा गट सात वेळा येतो व आठवा १०१०१०११. शेवटचे दोन १ लागोपाठ आले की चौकट सुरू.

जाता जाता एक हिशेब : ई-१ मधील तिन्ही पायऱ्या एखाद्या जागी निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? उत्तर ३२,७६८ त एक येते. ते कसे, हे वहीत मांडून पाहा.