काळ्या द्राक्षाचा रंग कुठून येतो?

देवळाली कॅम्पच्या बाजारात द्राक्षं हिरवीही मिळतात आणि काळीही. हा फरक नुसता दिसण्यापुरता नाही.

१) वाण : शरद सीडलेस या काळ्या वाणाच्या सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होतं. ते अँटिऑक्सिडंटही आहे. हिरव्या थॉमसन सीडलेसमध्ये ते बनत नाही. तिथे इतर अँटिऑक्सिडंट असतात.

२) हंगाम : नाशिककडे ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होते आणि द्राक्षं थंडीत वाढतात. मणी रंग धरताना रात्री गार असल्या, तर अँथोसायनिन चांगलं साठतं. रात्री उष्ण राहिल्या, की रंग फिका पडतो.

थोडक्यात, काय बनेल ते वाण ठरवतो. किती बनेल ते हवामानावरही अवलंबून असतं.

करून पाहा : एक काळं द्राक्ष सोला. आतला गर कोणत्या रंगाचा दिसतो? मग सांगा, द्राक्षं स्वच्छ धुऊन सालीसकट का खायची?