तरंगता पाळणा

किनाऱ्यावरील प्राण्यांना लपावयास खडक असतात, वाळू असते, शेवाळ असते. भर समुद्रात यांपैकी काहीच नसते. वर पाणी, खाली पाणी आणि चहूकडे पाणीच! अशा उघड्या जगात एखाद्या दुबळ्या जीवाने आपली पिले वाढवावी तरी कोठे? कोळंबीच्या दूरच्या नात्यातील एका लहानशा प्राण्याने या प्रश्नाचे मोठे विलक्षण उत्तर शोधले आहे. त्या प्राण्याचे नाव फ्रोनिमा.

फ्रोनिमा हा कवचधारी प्राणी होय. त्याची मादी फार तर चार सेंटिमीटर लांब असते. तिचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते. डोके अंगाच्या मानाने मोठे असून ते बहुतेक डोळ्यांनीच व्यापलेले असते. तिच्या पायांच्या एका जोडीस खेकड्यासारख्या बळकट नांग्या असतात.

त्याच पाण्यात साल्प नावाचा एक लिबलिबीत प्राणी तरंगत असतो. त्याचा आकार दोन्ही तोंडे उघडी असलेल्या पिंपासारखा असतो. पिंपास लोखंडी पट्ट्या असाव्यात, तसे स्नायूंचे पट्टे त्याच्या अंगाभोवती दिसतात. एका तोंडाने पाणी आत घ्यावे, त्यातील सूक्ष्म जीव गाळून खावेत, आणि दुसऱ्या तोंडाने पाणी बाहेर लोटून पुढे सरकावे, असा त्याचा जीवनक्रम असतो.

हाच साल्प फ्रोनिमाच्या मादीचे भक्ष्य होतो आणि घरही होतो. ती त्याला नांग्यांनी पकडते, आतील अवयव कुरतडून खाते, आणि पोकळी स्वच्छ करून तीत शिरते. साल्प मरतो, त्याचे पारदर्शक पिंप मात्र उरते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर अशा पिंपांच्या भिंतींत जिवंत पेशी आढळल्या!

मादीची अंडी प्रथम तिच्या छातीखालील पिशवीत असतात. पिले बाहेर पडली, की ती त्यांना पिंपाच्या आतील भिंतीवर ठेवते. तेथे ती पिले दाटीवाटीने एकमेकांस बिलगून राहतात. आई पायांनी पिंप घट्ट धरते, शेपटीकडचा भाग बाहेर काढते आणि पोहत पोहत घर पुढे ढकलते. त्यामुळे पिंपातून ताजे पाणी खेळते. आई शिकार मिळवते व पिलांसही त्यातील वाटा मिळतो. आपली अंडी पाण्यात सोडून निघून जाणाऱ्या असंख्य सागरी प्राण्यांत अशी माता विरळाच.

या प्राण्याची शास्त्रीय नोंद प्रथम फोर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाने केली. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या मोहिमेत तो होता. 1763 साली येमेनमध्ये हिवतापाने त्याचा अंत झाला. त्याचा सहकारी नीबूर त्याच वर्षी मुंबईस पोहोचला व पुढे सुखरूप स्वदेशी परतला. मित्राची टिपणे त्याने 1775 साली प्रसिद्ध केली. त्यांत या प्राण्याचे नाव ‘बैठा खेकडा’ अशा अर्थाचे होते. फ्रोनिमा हे नाव त्यास मागाहून मिळाले.

फ्रोनिमाला क्रूर म्हणावे की वत्सल? साल्पाच्या दृष्टीने ती काळ आहे; पिलांच्या दृष्टीने ती माउली आहे. ज्या नांग्या साल्पाचा जीव घेतात, त्याच पिलांसाठी घर कोरतात. माणसाने केलेले सज्जन-दुर्जन हे भेद समुद्रास ठाऊक नाहीत. तेव्हा निसर्गातील नात्यांना नाव देण्याची घाई न करता ती आधी नीट पाहावीत, हेच खरे.

शब्दार्थ : लिबलिबीत – मऊ व बुळबुळीत. भक्ष्य – खाद्य, शिकार. विरळा – क्वचित आढळणारा. वत्सल – मायाळू.

स्वाध्याय
1. भर समुद्रात पिले वाढविणे कठीण का असते?
2. साल्पाचे पिंप फ्रोनिमाच्या मादीस कोणकोणत्या प्रकारे उपयोगी पडते?
3. नीबूरने आपल्या मित्राचे कार्य कसे पूर्ण केले?
4. ‘फ्रोनिमा : काळ की माउली?’ या विषयावर आपले मत दहा ओळींत लिहा.