परागकणापासून रोप

हदगावहून उमरखेडकडे जाताना पैनगंगा ओलांडावी लागते. अशा नदीकाठच्या पडीक जागेत धोतऱ्याची झुडपे तुम्ही पाहिली असतील. कर्ण्यासारखे फूल, काटेरी फळ. महाशिवरात्रीला त्याची आठवण होते; एरवी विषारी म्हणून कोणी त्याच्या वाटेला जात नाही. पण वनस्पतिशास्त्रात या झुडपाला मानाचे स्थान आहे.

१९६४ साली दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीश चंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या कळीतले परागकोश काढून पोषकद्रव्यात ठेवले. परागकण तयार होताना पेशींचे विभाजन कसे होते, एवढेच त्यांना पाहायचे होते. काही आठवड्यांनी कोशांतून चक्क गर्भ बाहेर आले व त्यांची रोपे झाली!

हे गर्भ कोशाच्या भिंतीतून आले की परागकणांतून? उत्तर गुणसूत्रे मोजून मिळते. धोतऱ्याच्या मुळाच्या, पानाच्या किंवा कोशाच्या भिंतीच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात. परागकण अर्धगुणसूत्री विभाजनाने बनतो, म्हणून त्यात १२ असतात. गर्भाच्या पेशींतही १२ च होती. ते परागकणांतूनच वाढतात, हे १९६६ साली या दोघांनी दाखवून दिले. अशा रोपाला एकगुणित रोप म्हणतात.

एकगुणित रोपाला फुले येतात, पण बी सहसा धरत नाही. कारण विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना जोडीदारच नसतो. मग त्याचा उपयोग काय?

नवीन वाण करताना दोन वाणांचा संकर करतात. संकरित रोपात अनेक जनुकांच्या जोड्या मिश्र असतात, म्हणून पुढची पिढी एकसारखी निपजत नाही. स्वपरागणाने दर पिढीत मिश्र जोड्या सरासरीने निम्म्या होतात : १/२, १/४, १/८... सहाव्या पिढीत १/६४ उरतात. वर्षाला एकच पीक घेतले तर सहा वर्षे गेली!

आता दुसरी वाट पाहा. संकरित रोपाच्या परागकणापासून एकगुणित रोप वाढवा आणि त्याला कॉल्चिसिन द्या. हे द्रव्य आपल्याकडच्या कळलावीतही असते. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे ते बनू देत नाही. त्यामुळे १२ ची २४ होतात आणि प्रत्येक जोडीतील दोन्ही गुणसूत्रे तंतोतंत सारखी असतात. एकाच पिढीत शुद्ध वाण हाती येतो, आणि त्याला बीही धरते.

१९६८ साली जपानमध्ये भाताची अशी रोपे मिळाली. तंबाखू, गहू, सातू यांतही ही रीत साधली. आपल्या भागातला कापूस मात्र अजून सहजी दाद देत नाही. कदाचित तुमच्यापैकीच कोणी ते कोडे सोडवील.

करून पाहा : शिक्षकांच्या देखत धोतऱ्याचे फूल उघडून पुंकेसर मोजा, ते पाच भरतील. परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. धोतरा विषारी आहे, म्हणून काही तोंडात घालू नका, डोळ्यांना हात लावू नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

विचार करा : कांद्याच्या मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. त्याच्या परागकणापासून वाढलेल्या रोपात किती असतील? कॉल्चिसिन दिल्यावर किती होतील?