वस्तऱ्याच्या दगडाची निगा

आम्ही धंद्याने कापडवाले. पण शिरूर आणि दौंडच्या पेठेत केशकर्तनालयवाले, शिंपी, शिकलगार हे आमचे गिऱ्हाईकही आणि शेजारीही. त्यांच्या हत्यारांची चर्चा आमच्या गादीवर बसून होते. आता बहुतेक दुकानांत दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावतात. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु घरी स्वतःचा वस्तरा ठेवणारे शौकीन अजून आहेत आणि त्याला धार लावून देणे हे मजुरीचे काम आहे. मात्र वाडवडिलांच्या धोकटीतला निसणा मध्ये खोलगट झाला की तो भंगारात निघतो. कारागीर बंधूंनी तसे करू नये.

आपल्या घोडनदीच्या व भीमेच्या काठी काळा दगड मुबलक आहे. तो लाव्ह्याचा, त्यात वायूच्या पोकळ्या असतात. जात्याला, पाट्या-वरवंट्याला उत्तम, पण वस्तऱ्याला नाही. वस्तऱ्याचे नामांकित नैसर्गिक दगड परदेशचे. बेल्जियमच्या आर्देन डोंगराळ भागातला पिवळसर, ज्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात. अमेरिकेतील आर्कान्सासचा, गारेच्या जातीचा आणि फार टणक. काळा-करडा, एकसारखा दाणेदार असेल तर तो बहुधा कारखान्यातला कार्बोरंडम. त्याचा शोधच १८९१ सालचा.

दगड खोलगट का चालत नाही? वस्तरा निसताना धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. दगड मध्ये बसला की पाते दोन कडांवर टेकते, मधली धार अधांतरी राहते. मग कारागीर दोष वस्तऱ्याला देतो आणि तो शिकलगाराच्या चाकावर जातो. (शिकलगार हा शब्द आमच्या उर्दूतल्या ‘सैकल’चा, म्हणजे झिलईचा.) जाणता उस्ताद असेल तर ठीक, नवशिक्याच्या हातून पाते तापले, निळसर झाक आली, की पोलादाचे पाणी उतरले. तो वस्तरा पुन्हा धार धरत नाही. दोष होता दगडाचा, गेला वस्तरा.

परीक्षा सोपी आहे. आमच्या दुकानातल्या लोखंडी मीटरपट्टीसारखी सरळ पट्टी दगडावर उभी धरावी व उजेडाकडे पाहावे. खालून उजेड दिसला तर दगड बसला आहे. मग जाड काचेचा तुकडा टेबलावर पक्का ठेवून त्यावर २२० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून चिकटवावा. दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखून तो घासावा. सर्व रेघा सारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. शेवटी ४०० नंबरचा कागद, कडा किंचित गोल, आणि भरपूर पाण्याने धुणे, कारण जाड कागदाचा एक कण मागे राहिला तरी धारेला ओरखडा पडतो. पाट्याला टाकी घालून खरबरीत करतात. इथे काम उलटे. आर्कान्सासच्या दगडाला मात्र वेळ लागतो, घाई करून उपयोग नाही.

पाण्यावर चालणाऱ्या दगडाला तेल कधीही लावू नये. तेलाच्या दगडालाही शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल नको. ते वाळून चिकट होते व छिद्रे बुजतात. पातळ खनिज तेल, म्हणजे शिलाई मशीनचे, चालते. चिकटा बसलाच तर रॉकेलने, दिव्यापासून लांब, ब्रशने घासावा. उकळत्या पाण्यात टाकू नये, दगड तडकतो. बेल्जियमचा दगड पुष्कळदा पाटीच्या दगडावर चिकटवलेला असतो, म्हणून तो रात्रभर भिजत ठेवू नये. काम झाल्यावर पुसून सावलीत वाळवावा आणि सुती कापडात गुंडाळून आडवा ठेवावा. त्याला आमच्याकडच्या कापडाची कातरणही पुरते.