सुईला झेपेल तेवढंच

पंप आणायला निघण्याआधी एकदा कार्बोरेटरचं झाकण उघड आणि आतली सुई बघ. फ्लोट वर आला की ती भोकात बसते आणि पेट्रोल अडवते. पंप किती दाबाचा घ्यायचा, हे तिला विचार. इंजिनात घोडे किती, हा प्रश्न नंतरचा.

तुझी एमजीबी 1798 सीसीची, दोन एसयू कार्बोरेटरवाली. एसयूच्या सुईला अडीच-तीन पौंड दाब बास. उद्या वेबर बसवलेस तर तीन-साडेतीन. अमेरिकी व्ही-8 वरच्या होलीला 5 ते 7 पौंड चालतात, आणि इंजेक्शनच्या गाड्यांची सुरुवातच 40 च्या आसपास होते. दुकानात हे सगळे पंप एकाच फळीवर असतात आणि दुकानदार म्हणतो, ‘साहेब, हा जोरदार आहे.’ असेल जोरदार. आपल्या सुईला तो ढकलून देतो.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. रॅलीच्या आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या अशाच गाडीचा पंप गेला. गॅरेजमध्ये इंजेक्शनच्या गाडीचा एक पंप पडून होता, तो मी हुशारी करून जोडला. चावी फिरवली आणि फ्लोट चेंबरच्या ओव्हरफ्लोतून पेट्रोलची धार लागली. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला असतात, हे तू बॉनेट उघडून बघशीलच. गाडी सकाळपासून उभी होती, मॅनिफोल्ड थंड होता, एवढंच काय ते नशीब. गिऱ्हाईक रॅलीला रिक्षाने गेलं.

मग कमी दाबाच्या पंपाने पेट्रोल कमी पडेल, असं तुला वाटेल. दाब वेगळा आणि पुरवठा वेगळा. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर एका घोड्याला तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागतं, हा पौंड वजनाचा. 95 घोड्यांचे झाले 29 लिटर. इंजिन बनवून घेऊन 130 पर्यंत नेलंस तरी 40 लिटर. म्हणजे मिनिटाला पाऊण लिटरही नाही. कार्बोरेटरपाशी पाइप काढ, पत्र्याच्या डब्यात सोड आणि मिनिटभर पंप चालव. गाडी उघड्यावर, इंजिन थंड, आणि जवळपास कोणाच्या तोंडात विडी नको. लिटरभर पडलं तर पंपाला दोष देऊ नकोस. नाही पडलं, तरी आधी टाकीतली जाळी बघ. वरच्या आरपीएमला गाडी गुदमरते म्हणून पंप बदलणाऱ्यांपैकी निम्म्यांची जाळीच गंजाने बुजलेली असते.

पंप बसवायचा टाकीजवळ, जमेल तितका खाली. तुझ्या गाडीत कंपनीनेच तो मागे उजवीकडे दिलाय, तिथून हलवू नकोस. खंडाळ्याच्या घाटात फियाट आणि ॲम्बॅसॅडरच्या पंपावर ओलं फडकं टाकून बसलेली माणसं तुझ्या बाबांनी पाहिली आहेत. त्या गाड्यांचा पंप इंजिनलाच चिकटलेला, आणि तिथून टाकीतलं पेट्रोल ओढायचा. ओढताना नळीतला दाब उतरतो, त्यात वरून उष्णता, मग पेट्रोल नळीतच उकळून वाफ होते. मागचा पंप ढकलतो, त्यामुळे दाब टिकून राहतो.

जुना एसयू पंप अगदीच मेलेला नसेल तर पॉइंट घासून, डायफ्राम बदलून वापर असं मी म्हणेन. तो बोलतो. चावी दिली की टकटक, चेंबर भरले की गप्प. गप्पच होत नसेल तर पेट्रोल कुठेतरी वाहतंय, किंवा तो हवा ओढतोय. चावी देऊनही चकार शब्द काढत नसेल तर पान्याच्या दांड्याने हलकी टिचकी मार. चालू झाला की समज, पॉइंट संपलेत. हे घरी पोहोचण्यापुरतं, कायमचं नव्हे. ट्रान्झिस्टरचा नवा पंप घेणारच असशील, तर आधी बॅटरीची तार बघ. 1967 पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या. नंतर कोणी बदललं असेल तर तेही पाहायला हवं. उलटा जोडलेला इलेक्ट्रॉनिक पंप धूर सोडतो आणि दुकानदार परत घेत नाही.

होज मात्र सगळे नवे घाल. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, मग त्याचे कण सुईखाली अडकतात. डायफ्रामही इथेनॉल सोसणाराच माग. शिवाय धडक बसली की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच लाव. इंजिन बंद पडलं तरी इलेक्ट्रिक पंप ढकलतच राहतो, हे त्या काळच्या गाड्यांचं वाईट आहे.

रविवारी ये. प्रेशर गेज माझ्याकडे आहे, तीन पौंडांच्या वर काटा गेला तर पंप परत करू. टाकी भरून मात्र आणू नकोस. पंप तिच्या खाली आहे, पाइप काढला की सगळं माझ्या बाहीत येतं.