ग्राफिक्स कार्डाच्या निवडीबाबत भाच्यास पत्र

रोहा



बेताच्या पैशांत खेळांसाठी संगणक जुळवू पाहणाऱ्याने सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून नव्हे, तर मॉनिटर आणि पॉवर सप्लायपासून करावी, कारण कार्डाला किती काम पडणार हे पडद्यावरील ठिपक्यांवरून ठरते आणि ते काम त्याला करता येईल की नाही हे मिळणाऱ्या विजेवरून. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर प्रत्येक चित्रासाठी 20,73,600 ठिपके रंगवावे लागतात. तुझ्या पेणच्या घरी असाच मॉनिटर असेल आणि तो सेकंदाला 60 चित्रेच दाखवत असेल, तर त्याहून अधिक चित्रांसाठी मोजलेले पैसे बहुतांशी वायाच जातात.

त्यानंतर कार्डाची मेमरी पाहावी, म्हणजे खेळातील पोत, भिंती, चेहरे हाताशी ठेवण्याची कार्डाची स्वतःची जागा; मात्र ‘4 जीबी’ वा ‘8 जीबी’ एवढ्याच आकड्यावर भाळू नये. जानेवारी 2022 मध्ये आलेल्या आरएक्स 6500 एक्सटी या कार्डाची मेमरी 4 जीबी असून मदरबोर्डशी त्याची जोडणी चारच लेनची, म्हणजे डेटाच्या चारच वाटांची आहे. खेळाला ही मेमरी अपुरी पडली की उरलेला डेटा संगणकाच्या रॅममधून याच अरुंद वाटेने आणावा लागतो, आणि मदरबोर्ड जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीचा असल्यास तेथील वेग सेकंदाला जेमतेम 4 जीबी राहतो, जो कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत 144 जीबी असतो. खेळ अडखळतो तो येथेच. 2021 च्या आरएक्स 6600 मध्ये 8 जीबी मेमरी व आठ लेन आहेत, म्हणून किमतीत फार अंतर नसेल तर तेच घ्यावे, परंतु ते 132 वॉटपर्यंत वीज घेते आणि त्यास किमान 450 वॉटचा सप्लाय लागतो.

कचेरीतून निघालेला जुना संगणक हाती असल्यास त्याचा सप्लाय अनेकदा 250 वॉटच्या आतबाहेरच असतो. तेथे 70 वॉटचे, वेगळी वीजतार न लागणारे आरटीएक्स 3050 चे 6 जीबीचे कार्ड शोभते. खेळ हलके असल्यास कार्ड न घेता रायझन 5 5600जी सारख्या, चित्राचे काम स्वतःच करणाऱ्या प्रोसेसरवरही भागते; फक्त रॅमची 16 जीबीची एकच पट्टी न घालता 8 जीबीच्या दोन घालाव्यात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेली कार्डेही मिळतात. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमचे मायनिंग, म्हणजे आभासी चलनासाठी कार्डे रात्रंदिवस राबवून घेणे, थांबल्यावर अशी बरीच कार्डे जगभरच्या बाजारात उतरली. वापरलेले कार्ड दुकानातच खेळ चालवून अर्धा तास तापवून पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा आणि सिरीयल नंबर घातलेल्या पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नयेत. पेणमध्ये आसपास गणपतीच्या मूर्तींचा कारखाना असेल, तर प्लास्टरची धूळ पंख्यात बसते, तेव्हा कॅबिनेटला जाळी हवीच.

कोणतेही कार्ड ठरवण्यापूर्वी सप्लायवर चिकटवलेल्या कागदावरील वॉटचा आकडा पाहून आणि कॅबिनेटमधील मोकळ्या जागेची लांबी मोजून पत्रोत्तरी कळवावे.

मामाचे आशीर्वाद